आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची बोर्ड मीटिंग आणि बजेट: डिसेंबरात जा, जूनची वाट बघू नका

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात घर घेताना आपण शाळेचं रेटिंग दहा वेळा तपासतो. ती शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे एका भागातल्या सार्वजनिक शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचं) बोर्ड मात्र महिन्यातून दोनदा सगळ्यांसमोर बसतं, पैशाचे निर्णय घेतं, आणि तिथल्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या मीटिंगा नियमित बघते, जमेल तेव्हा जाऊन बसते. लग्नाआधी पुण्यात सहकारी बँकांच्या ऑडिटचं काम केलं आहे, त्यामुळे आकड्यांचे रकाने वाचायची सवय आहे. ही सेवा आपल्या करातून चालते, तेव्हा तिच्याबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं. डिस्ट्रिक्टचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे. मध्यम आकाराचं, किंडरगार्टन ते आठवीचं डिस्ट्रिक्ट आहे, एवढं पुरे.

आधी जे उत्तम आहे ते. नियमित मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर करावा लागतो. सार्वजनिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवणारा कॅलिफोर्नियाचा १९५३ चा ब्राऊन कायदा तसं सांगतो, आणि आमचं डिस्ट्रिक्ट तो काटेकोर पाळतं. मंगळवारच्या मीटिंगचा अजेंडा शुक्रवारी संध्याकाळी वेबसाइटवर असतो. प्रत्येक विषयाखाली कागद जोडलेले असतात: छताच्या दुरुस्तीचा ठेका, स्पीच थेरपीच्या एजन्सीचा दर, दिलेल्या चेकची यादी. कुणाकडे अर्ज करायचा नाही, कुणाची ओळख लागत नाही. आत जायला नावही सांगावं लागत नाही. माझे वडील साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. खरेदीचा एक कागद तालुक्याहून मिळवायला त्यांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलं आहे, म्हणून या उघडपणाची किंमत मला नीट कळते.

अजेंडा उघडलात की ‘कन्सेंट कॅलेंडर’ आधी वाचा. त्यात अनेक विषय एकत्र बांधून एकाच मतदानात मंजूर होतात, आणि खरे ठेके तिथेच असतात. एखादा विषय वेगळा काढून चर्चेला घ्या, असं बोर्डाचा सदस्य म्हणू शकतो. आदल्या दिवशी त्याला किंवा तिला ईमेल करा. आमच्याकडे पाचही सदस्य ईमेल वाचतात आणि बरेचदा उत्तरही देतात.

आता बजेट. बहुतेक पालकांना वाटतं की बजेट जूनमध्ये ठरतं. कागदावर ते खरं आहे. १ जुलैच्या आत ते मंजूर व्हायला लागतं. त्याआधी एका मीटिंगमध्ये जाहीर सुनावणी होते आणि पुढच्या मीटिंगमध्ये मतदान, सोबत एलकॅप नावाचा तीन वर्षांचा आराखडाही असतो. पण जूनपर्यंत हलवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. आमच्याकडे प्राथमिक शाळांतल्या वाद्यसंगीताच्या शिक्षकांची पदं कमी झाली, तेव्हा जूनच्या सुनावणीला हॉल भरला होता. मुलं व्हायोलिन घेऊन आली होती, एक बाबा बोलताना रडले. बोर्डाने सगळं ऐकलं आणि बजेट आहे तसं मंजूर केलं. शिक्षकांना कपातीची पहिली नोटीस कायद्याने १५ मार्चच्या आत द्यावी लागते आणि अंतिम १५ मेच्या आत. त्या दोन्ही तारखा उलटून गेल्या होत्या.

आणि ती पदं जाणार हे डिसेंबरातच दिसत होतं. १५ डिसेंबरच्या आत ‘फर्स्ट इंटरिम’ अहवाल बोर्डापुढे येतो. ३१ ऑक्टोबरपर्यंतची स्थिती आणि चालू वर्षासकट तीन वर्षांचा अंदाज त्यात असतो. शंभरेक पानं असतात, पण मी आधी एकच तक्ता उघडते: मल्टी-इयर प्रोजेक्शन. त्यातला शेवटचा, तिसऱ्या वर्षाचा रकाना आणि त्याच्या तळाची शिल्लक बघायची. आमच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टला खर्चाच्या किमान ३ टक्के राखीव ठेवावे लागतात. त्या वर्षी तिसऱ्या रकान्यात हे ३ टक्के उरतच नव्हते. तीनही वर्षं देणी भागणार असतील तर डिस्ट्रिक्ट ‘पॉझिटिव्ह’ प्रमाणपत्र देतं, भागतील की नाही अशी शंका असेल तर ‘क्वालिफाइड’, आणि भागणारच नसतील तर ‘निगेटिव्ह’. पॉझिटिव्ह राहण्यासाठी कपातीची यादी करू, असं मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी त्याच रात्री स्वच्छ सांगितलं. हॉलमध्ये तेव्हा कर्मचारी सोडून जेमतेम आठ-दहा माणसं होती. जानेवारीत गव्हर्नरांचा राज्याच्या बजेटचा प्रस्ताव आला, फेब्रुवारीत यादी आली, मार्चमध्ये नोटिसा गेल्या. म्हणून मी प्रत्येक ओळखीच्या पालकाला सांगते की वर्षातून एकाच मीटिंगला जायचं असेल तर ती डिसेंबरची.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असा, की दोन-दोन मिलियन डॉलरची घरं असलेल्या गावात शाळेकडे पैसा कसा नाही? कारण घरांच्या किमतीचा वाढीव पैसा थेट शाळेत येत नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जाईपर्यंत त्याचं करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. शिवाय शाळांच्या निधीच्या २०१३ पासूनच्या सूत्रात प्रत्येक विद्यार्थ्यामागची रक्कम राज्य ठरवतं. स्थानिक कर वाढला तर राज्याचा वाटा तेवढा घटतो. कमी उत्पन्न गटातली, इंग्रजी शिकणारी किंवा फॉस्टर केअरमधली (आईवडिलांऐवजी सरकारने सोपवलेल्या कुटुंबात राहणारी) मुलं असली तर त्यांच्यासाठी मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. ते योग्यच आहे. पण आमच्यासारख्या वस्तीत ती मुलं कमी, म्हणून जादा पैसाही कमी. पालो आल्टोसारखी काही डिस्ट्रिक्ट्स या सूत्राबाहेर जातात, कारण त्यांचा स्थानिक करच राज्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त भरतो. खर्चाच्या बाजूला पगार आणि भत्ते सगळ्यात मोठे. शिक्षकांच्या पेन्शनसाठी डिस्ट्रिक्ट २०१३-१४ मध्ये पगाराच्या ८.२५ टक्के भरत होतं, आता १९.१० टक्के भरतं. शिक्षकांचं निवृत्तिवेतन सुरक्षित असायलाच हवं, पण हा बोजा कुठून आला ते पालकांना ठाऊक हवं. त्यात कोविडकाळातला केंद्राचा शेवटचा मोठा निधी वापरण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली आणि त्यातून भरलेली समुपदेशकांची पदं उघडी पडली.

हजेरीचा मुद्दा तर थेट आपल्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावरच्या संख्येवरून होते. इथे राज्याचे पैसे पटावर मिळत नाहीत, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात. मूल आजारी असो की काकाच्या लग्नाला कोल्हापूरला गेलेलं असो, गैरहजर दिवस मोजला जात नाही. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून आपण दोन-तीन आठवडे जास्त राहतो, आणि आमच्या शाळांत अशी कुटुंबं खूप आहेत. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आजी-आजोबांना भेटायलाच हवं. पण निघण्याआधी शाळेच्या ऑफिसात जाऊन ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार करा. मुलाने दिलेलं काम पूर्ण करून जमा केलं तर ती हजेरी धरता येते. ही गोष्ट मला एका बोर्ड मीटिंगमध्ये कळली. डिस्ट्रिक्टच्या बातमीपत्रात ती ठळकपणे यायला हवी होती. आलेली नाही.

तेवढ्यावर बातमीपत्राबद्दलची तक्रार संपत नाही. मीटिंगनंतर दोन दिवसांनी जो ईमेल येतो त्यात फुलांचे फोटो, सत्कार, ‘बोर्डाने बजेटवर सविस्तर चर्चा केली’ असं एक वाक्य. कुणी कशाला विरोध केला, मतं किती पडली, पुढचा निर्णय कोणत्या तारखेला, यातलं काही नाही. बजेटची फाइल स्कॅन केलेली असते, तिच्यात शब्द शोधता येत नाही. सर्वात चीड येते ती क्रमाची. सत्कार आणि सादरीकरणं सात वाजता, बजेट दहा वाजता. सकाळी सातला शिफ्ट असणारी आई किंवा तान्हं मूल असलेला बाप तोपर्यंत थांबूच शकत नाही. व्हिडिओ नंतर मिळतो, पण बोलायची संधी गेलेली असते. हे बदलायला एक पैसा लागत नाही. अध्यक्षांनी अजेंड्याचा क्रम बदलायचं ठरवलं की झालं. उघडपणाला मी पाचपैकी पाच देईन, समजावून सांगण्याला दोन.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मतदानाचा हक्क नागरिकांनाच आहे, पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असा की व्हिजिटर व्हिसावर, कार्ड भरून बोलता येतं. तुम्ही अजेंड्याबाहेरचं काही विचारलंत आणि सदस्य गप्प राहिले तर रागावू नका. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना चर्चा करायला कायद्याने मनाई आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. दुभाषासोबत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये ब्राऊन कायद्यात झाली. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं असतात. माझ्या सासूबाई धाकटीला रोज शाळेतून घेऊन येतात. मैदानावर आणि फाटकाशी मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘यार्ड ड्युटी’ कर्मचाऱ्यांचे तास कमी करायचं कपातीच्या यादीत आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी सांगते त्यांना, सुटताना किती गाड्या वळतात ते.” त्या मराठीत बोलल्या, मी इंग्रजीत सांगितलं, सहा मिनिटं पूर्ण मिळाली. कोणत्या बाजूचं फाटक धोक्याचं, कोणत्या वारी गर्दी जास्त, सगळं त्यांनी बोट दाखवून सांगितलं. एका सदस्याने तिथेच विचारलं की हे तास कापून नेमके किती वाचतात. आकडा लहान निघाला. पुढच्या मीटिंगच्या यादीत तो विषय नव्हता.

ती मीटिंग फेब्रुवारीची होती, म्हणजे यादी अजून कच्ची होती. यंदाच्या फर्स्ट इंटरिमची तारीख बोर्डाच्या वार्षिक कॅलेंडरवर आलेली असते. भारताची तिकिटं काढायच्या आधी ती बघा, आणि उड्डाण तिच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या.