ब्रेक पाइप कशाचे टाकायचे: स्टील, कुनिफर की एसीवाल्याचं तांबं?

पद्मिनी असो की अॅम्बेसेडर, बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. मागच्या चाकाकडे जाणारा पाइप फुटला की पुढचेही ब्रेक गेले. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर हा अनुभव घ्यायचा नसेल तर सडलेला तुकडा कापून मध्ये जोड मारणं विसरा. एक पाइप गेला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. सगळे बदला.

प्रश्न उरतो तो धातूचा. नागपुरात एसीवाल्याकडे कॉपरची गुंडाळी कायम तयार असते. ती हातानं वाकते, स्वस्तात पडते, वर चकचकीत दिसते म्हणून मालकही खूश. तरी घेऊ नका. शुद्ध तांबं सततच्या थरथरीनं कडक होत जातं आणि नेमकं नटाच्या मागे, फ्लेअरच्या (पाइपच्या टोकाला फाकवलेल्या कडेच्या) मुळाशी चिरतं. ती चीर नटाखाली असल्यामुळे दिसतही नाही. पेडल जोरात दाबल्यावर आतला दाब टायरमधल्या हवेच्या तीसपटींहून जास्त होतो, तेव्हा ती कळते.

कुनिफर दिसायला तांब्याचाच भाऊ, पण त्यात ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. व्होल्वोनं १९७० च्या दशकातच हा पाइप वापरायला घेतला. गंजत नाही, सहज वाकतो, फ्लेअरही साफ येतो. अडचण किमतीची, आणि बहुधा बाहेरून मागवावा लागतो. आलेला पाइप लालभडक दिसला तर शंका घ्या. खऱ्याचा रंग जरा मळकट असतो.

स्टील म्हणजे कंपनीनं मुळात दिलेलं. मुंबईसारखी खारी हवा इथे नाही, त्यामुळे जस्ताचा लेप असलेला चांगला पाइप नागपुरात बरीच वर्षं टिकतो. बाहेरून तो गंजतो तो क्लिपांखाली, जिथे पावसाळ्यातला चिखल अडकून बसतो. आतून गंजतो तो ब्रेक ऑइलनं ओढलेल्या पाण्यामुळे. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: गाडी नेहमी चालते आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदललं जातं, तर स्टील पुरे. गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी असते, तर कुनिफरचे पैसे वसूल होतात.

स्टेनलेस? प्रदर्शनात मांडायची गाडी असेल तर बघा. फार कडक असतो, डबल फ्लेअर (कड आत दुमडून दुहेरी फाकवणं) करताना चिरतो आणि जोड पाझरत राहतात.

धातू कोणताही घ्या, जुना पाइप नटासकट दुकानात न्या. अॅम्बेसेडर ब्रिटिश घराण्यातली, पद्मिनी इटालियन. एकीचा नट दुसरीत दोन आटे जातो आणि अडतो. मेकॅनिक तोच पान्यानं रेटतो, तेव्हा मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचे, आटे जातात.

पेट्रोलच्या लाइनचं गणित वेगळं. तिथे दाब नगण्य, खरी डोकेदुखी इथेनॉलची. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचा साधा रबर त्यात फुगतो, मऊ पडतो, आतून सुटून कार्ब्युरेटरमध्ये कचरा पाठवतो. टाकीपासून गाडीतल्या फ्युएल पंपापर्यंत अख्खी रबरी नळी टाकून द्यायची पद्धत दिसते. काम तासाभरात होतं हे खरं, पण सायलेन्सरजवळून गेलेली ती नळी मला तरी झोप लागू देणार नाही. गाडीच्या लांबीभर धातूचाच पाइप ठेवा, रबर फक्त दोन टोकांच्या वीतभर जोडांना. त्यासाठी फ्लोरोइलास्टोमरचं (इथेनॉलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचं) अस्तर असलेली, जे-३०-आर-९ छापलेली नळी मागा. क्लिपही गुळगुळीत पट्टीची घ्या, खाचांची पट्टी रबर कापते. शिवाय लाइन एक्झॉस्टपासून जमेल तितकी लांब न्या. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी व्हेरायटी चौकात सिग्नलला बंद पडते.

पाइप बदलताना चाकांजवळच्या रबरी ब्रेक होजही बदला. त्या आतून फुगल्या की पेडल सोडल्यावरही ऑइल परत येत नाही, चाक धरून ठेवतं. थोडं चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर पहिला संशय त्या चाकाच्या होजवर घ्या.