मातृवंदनेच्या पैशांच्या नावाने येणारे फोन: गोव्यातल्या गरोदर बायकांनी एवढे वाचाच

फोनवरच्या माणसाला बाईचे नाव ठाऊक असते, ती कुठल्या आरोग्य केंद्रात जाते हे ठाऊक असते, कित्येकदा बाळंतपणाची तारीखही. "वहिनी, आरोग्य खात्यातून बोलतोय. तुमचे मातृवंदनेचे पाच हजार अडकलेत, आज शेवटचा दिवस." मातृवंदना म्हणजे गरोदर बाईला सरकारकडून मिळणाऱ्या पैशांची योजना. इतके सगळे जाणणारा माणूस खात्यातलाच असणार, असे कुणालाही वाटेल. म्हणून फसलेल्या बाईला घरच्यांनी भोळी ठरवू नये. माहिती फुटते ती झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या प्रतींतून, फॉर्म भरून देणाऱ्याच्या मोबाइलमधल्या फोटोंतून, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या याद्यांतून.

पुढे तो क्यूआर पाठवतो आणि सांगतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. पिन टाकला की खात्यातले पैसे गेले. दुसरा प्रकार जास्त वाईट: योजनेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती मोबाइलमध्ये बसली आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर त्याच्याकडे जातात, बाईने तोंडाने काही सांगावेही लागत नाही.

"आशाताई बोलतेय" असे कुणी म्हणाले तर गोव्यात तिथेच फोन ठेवावा. देशभर आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, नेमल्या गेल्या तेव्हा गोव्यात त्या नेमल्या नाहीत. इथे योजनेचे काम पाहते ती आपल्या वाड्यावरची अंगणवाडी सेविका, आणि तपासणी-लसीकरणाची नोंद ठेवते ती उपकेंद्राची नर्सबाई. दोघींचे चेहरे आपल्याला माहीत असतात.

पैसे खरोखर कसे येतात ते कळले की निम्मी भीती जाते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. जन्मनोंदणी आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर एकदम ६,०००. फॉर्म फुकट, अंगणवाडीत भरायचा. पैसे थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात पडतात. त्यासाठी ओटीपी, पिन, लिंक, "प्रोसेसिंग फी" काही नाही. हप्ता अडकतो तो बहुतेक वेळा कंटाळवाण्या कारणांनी: आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकावर सासरचे, खाते वापराविना बंद पडलेले, किंवा खाते आधारला जोडलेलेच नाही. यातले एकही कारण फोनवर दुरुस्त होत नाही. चौकशी अंगणवाडीत करा, नाहीतर तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात.

आता त्या फसवणुकीविषयी, जी महिनोन्महिने लक्षातच येत नाही. कुणीतरी दारात अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, "योजनेची केवायसी" म्हणून बोट ठेवायला लावतो. त्या एका अंगठ्यावर बाईच्या नावाने नवीन खाते उघडून आधारला जोडता येते. सरकारी अनुदान तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. ते जाते आधारला सगळ्यांत शेवटी जोडलेल्या खात्यात. २०१७ मध्ये देशात लाखो लोकांचे गॅसचे अनुदान असेच एका पेमेंट्स बँकेत वळले होते. सेविका म्हणते पैसे आले, पासबुकावर काही नाही, असे झाले तर भांडण सेविकेशी करू नका. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला कुठली बँक जोडली आहे ते, पाहा. तिथे अनोळखी बँक दिसली तर आपल्या बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि आधार पुन्हा आपल्या खात्याला जोडून घ्या. त्याच संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येते. एकदा लॉक केले की अंगठ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत. रेशनला किंवा बँकेत अंगठा द्यायचा असेल तेवढ्यापुरते उघडायचे.

बाळंतपणाच्या वेळी "रक्तासाठी डिपॉझिट", "सिझेरियनची फी" असे सांगून कुणी यूपीआयवर पैसे मागितले तर तेही खोटे. सरकारी इस्पितळात, म्हापशाच्या आझिलोत किंवा बांबोळीच्या गोमेकॉत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त फुकट आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवणही. हे २०११ पासून चालू आहे.

पैसे गेलेच तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच दुसरा बँकेला. नवऱ्याला कळेल, सासू बोलेल म्हणून थांबू नका. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येते, आणि ती तिथून हलायला काही मिनिटे पुरतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार पिन तुम्हीच दिला असला तरी तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची असते, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. फोन नंबर, यूपीआय आयडी, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे जा. एपीके टाकली असेल तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.