खालच्या दाढेचं इम्प्लांट : आठ महिने चावून झाल्यावर

खालची डावी पहिली दाढ, हाडात टायटॅनियमचा एक स्क्रू, त्यावर अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि वर झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या दिसणाऱ्या कडक सिरॅमिकची कॅप. आठ महिन्यांनंतरचा निकाल असा: हाडातल्या स्क्रूची तक्रार शून्य, सगळी कुरबुर वरच्या भागाची. तसंही स्क्रू हाडाशी जुळण्याचं तंत्र जुनंच. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला असा स्क्रू १९६५ मध्ये बसवला. स्क्रू हाडाशी जुळेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबावं लागतं. वरचं हाड मऊ, तिथे चार ते सहा धरा.

चावायला उत्तम. मिसळ-पाव, भाकरी, भाजलेलं कणीस, सगळं चालतं. त्रास आहे तो अडकण्याचा. मिसळीवरची शेव आणि पेरूच्या बिया कॅपच्या बाजूला हमखास जाऊन बसतात. कारण साधं आहे: खऱ्या दाढेची मान रुंद असते, इम्प्लांट जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं, त्यामुळे हिरडीजवळ त्रिकोणी फट राहते. टूथपिकने भागत नाही. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश रोज रात्री फिरवावाच लागतो. त्याची तार प्लास्टिक चढवलेली घ्या.

कॅप स्क्रूने बसवलेली की सिमेंटने, हे आधीच विचारा. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर हिरडी सुजते, रक्त येतं, पुढे हाड झिजतं. स्क्रूची कॅप काढून साफ करता येते. स्क्रूसाठीचं कॅपवरचं भोक टेफ्लॉन टेप आणि कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या सिमेंटसारख्या भरावाने) बुजवतात. ते कॉम्पोझिट कधीतरी निघतं, घाबरायचं कारण नाही.

कॅप हलते किंवा चावताना टक् आवाज येतो, म्हणजे बहुधा कॅप-अबटमेंट धरणारा आतला छोटा स्क्रू (हाडातला नव्हे) सैल झालाय. त्या बाजूने खाणं बंद करा आणि लगेच दाखवा. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या आकड्याप्रमाणे, बहुतेकदा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरला, तो आवळतात. तसंच चावत राहिलं तर स्क्रू आतच तुटतो आणि मग तो काढणं जिकिरीचं. हाडातला भाग हलत असेल तर मात्र आवळून उपयोग नाही, तो काढावाच लागतो.

खरा दात तंतूंवर टेकलेला असतो, दाबला की किंचित बसतो. इम्प्लांट हाडाला घट्ट, त्यामुळे कॅप उंच असली तरी आपल्याला नीट जाणवत नाही. बसवताना पातळ पट्टीने चाव तपासून घ्या: हलकं चावल्यावर पट्टी सुटली पाहिजे, जोरात चावल्यावर अडकली पाहिजे.

नाशिकमध्ये दर विचाराल तेव्हा त्यात अबटमेंट, कॅप आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) धरलाय का, हे लिहून घ्या. स्कॅन टाळू नका. खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर लागतं. मिसरी-तंबाखू सुटत नसेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर घाई नको.

कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रे जपून ठेवा, पुढच्या तुलनेसाठी. पहिल्या वर्षी एक-दीड मिलिमीटरपर्यंत हाड उतरणं चालतं, त्यानंतर वर्षाला ०.२ पेक्षा कमी. कंपनी, जाडी, लांबी छापलेलं स्टिकरही मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा. उद्या पुण्यात कॅप सैल झाली तर तिथला डॉक्टर पहिलं तेच विचारेल.