बारावीनंतरचे तीन महिने, जुना लॅपटॉप आणि सी लँग्वेज : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सीईटी झाली आणि पुढचे तीन महिने मोकळे मिळाले. निकाल, प्रवेशाचे कॅप राउंड, कागदपत्रांच्या फेऱ्या, यात वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट संपत आला. कॉम्प्युटर शाखाच घ्यायची हे ठरलं होतं, पण तोवर मी प्रोग्रामची एक ओळही लिहिली नव्हती. शाळा मराठी माध्यमाची, पुढे पीसीएम. "ज्यांना आधीपासून कोडिंग येतं ती मुलं पुढे निघून जातात," हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की मे महिन्यातच तयारीला बसले. आता पहिलं सेमिस्टर संपलंय, बाहेर जानेवारीतली गड्ड्याची यात्रा भरली आहे, आणि या काळात जे जे वापरलं त्यातलं खरंच काय कामी आलं हे सांगण्याइतका अनुभव जमा झालाय. सोलापुरात घरातून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला जाणारी खूप मुलंमुली आहेत. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी भीतीबद्दल. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला 'प्रोग्रामिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हा विषय आहे. त्याची सुरुवात अल्गोरिदम आणि फ्लोचार्टपासून होते, मग अटी, लूप, अॅरे, सॉर्टिंग, फंक्शन, रिकर्शन, स्ट्रक्चर, पॉइंटर असं पुढे जातं. म्हणजे काहीच येत नाही असं धरूनच तो शिकवायचा आहे. हे मला मे महिन्यात माहीत असतं तर मी सुट्टीत अख्खा अभ्यासक्रम संपवायच्या मागे लागले नसते.

लॅपटॉप मामेभावाचा, सहा वर्षं वापरलेला. चार जीबी रॅम, सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तो कामाचा झाला. सी शिकायला प्रोग्राम टाइप करायचा एक साधा एडिटर आणि त्याचं मशीनला कळेल असं रूपांतर करणारा जीसीसी हा कंपायलर पुरतो, दोन्ही फुकट. बॅटरी मात्र पाऊण तासात संपते. पहिल्या वर्षासाठी कर्ज काढून नवा लॅपटॉप घेऊ नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. पण फक्त मोबाइलवरही भागवू नका. पहिले पंधरा दिवस मी तेच केलं. प्रत्येक कंसासाठी कीबोर्ड बदलायचा, मध्येच जाहिरात, आणि फाइल कुठे साठवली जाते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शिकण्यासाठी मी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल धरले. सीचे पाठ मराठीत आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा, डाउनलोड करून ठेवता येतो. पडद्यावर सगळं इंग्रजीत दिसतं आणि आवाज मराठी. व्हिडिओ थांबवायचा, तेच आपल्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) करायचं, मग पुढे जायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. हे नुसतं बघत बसलात तर काही हाती लागत नाही. मी आधी एका दिवसात सहा पाठ 'पाहिले' आणि रात्री कोरी फाइल उघडली तर एक ओळ सुचेना. नंतर दिवसाला एकच पाठ ठेवला.

मराठीतून ऐकण्याचा फायदा मला विचार करताना झाला. शब्द मात्र इंग्रजीच ठेवले, कारण परीक्षा आणि एरर (कंपायलर दाखवतो त्या चुका) दोन्ही इंग्रजीत. त्यातले काही शब्द आपल्याला दुसऱ्याच अर्थानं माहीत असतात. आर्ग्युमेंट म्हणजे वाद, स्ट्रिंग म्हणजे दोरी, आणि फंक्शन म्हटलं की डोळ्यांपुढे मांडव येतो. वहीच्या मागच्या पानावर अशा शब्दांची यादी करून समोर साध्या मराठीत अर्थ लिहीत गेले. फंक्शनसमोर लिहिलंय : 'नाव दिलेलं काम. सामान द्यायचं, काम होऊन उत्तर परत येतं.'

आता वही. सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे, प्रोग्राम चालवण्याआधी, मला काय उत्तर येईल असं वाटतं ते लिहायचं. उजवीकडे खरं आलेलं उत्तर. दोन्ही जुळली तर पुढे जायचं, नाही जुळली तर का नाही ते शोधल्याशिवाय पान उलटायचं नाही.

ही सवय एका प्रोग्रामनं लावली. मेमधली दुपार, पारा चाळिशीच्या पुढे, म्हणून सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचा प्रोग्राम लिहिला. सूत्र शाळेतलंच : (९/५) गुणिले सेल्सिअस, अधिक ३२. चाळीसला १०४ यायला हवं. आलं ७२! ७२ फॅरनहाइट म्हणजे साधारण २२ अंश, म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली हवा. कंपायलरनं एकही चूक दाखवली नव्हती. तासभर मी टायपिंगची चूक शोधत होते. शेवटी नुसतं ९/५ छापून पाहिलं, तर १. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की दशांश भाग गळून जातो, त्यामुळे उरलं १ गुणिले ४० अधिक ३२. तिथे ९.० लिहिलं आणि उत्तर ठेवायला फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) घेतला की बरोबर येतं. पुढे कॉलेजात माझ्या मैत्रिणीनं तेच सूत्र सेल्सिअस*९/५+३२ असं लिहिलं आणि पूर्णांक ठेवूनही तिला १०४ मिळालं, कारण आधी गुणाकार होऊन ३६० झाले आणि त्याला पाचानं नि:शेष भाग गेला. तिला वाटलं प्रोग्राम बरोबर आहे. मी ४१ घालायला सांगितलं. १०५ आलं, खरं उत्तर १०५.८. एकाच आकड्यावर तपासून थांबू नये, हे आम्ही दोघी त्या दिवशी शिकलो.

असंच फॅक्टोरियलचं, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांच्या गुणाकाराचं. बारापर्यंत उत्तरं बरोबर, तेराला चुकीचं : यायला हवं ६२२७०२०८००, छापलं १९३२०५३५०४. साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावतच नाही. डावीकडे आधी हातानं गुणाकार केला नसता तर तो दहा आकडी नंबर बघून मी खुशाल पुढे गेले असते.

लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, मला घरी समजला. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. पहिल्या वर्षाला ताऱ्यांचे पिरॅमिड, त्रिकोण छापायचे प्रोग्राम सगळ्यांनाच असतात, आणि लूपच्या आत लूप आला की बहुतेकांचं डोकं तिथे अडतं, माझंही अडलं. वडिलांनी विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, ओळीमागून ओळ छापायची आहे आणि प्रत्येक ओळीत कुठे तारा, कुठे मोकळी जागा. ते म्हणाले, "अगं, हे तर जकार्डच झालं." नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ असते. भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा (आडवा) धागा जातो. एक कार्ड म्हणजे एक ओळ. माळ संपली की फिरून पहिलं कार्ड, म्हणून चादरीवर नक्षीतला मोर पुन्हा पुन्हा उमटतो. फ्रान्सच्या जकारनं १८०४ साली ही युक्ती बसवली आणि पुढे बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच घेतली, हे मी नंतर वाचलं. पण बाहेरचा लूप म्हणजे कार्ड आणि आतला लूप म्हणजे त्या कार्डावरची एकेक जागा, हे मला आमच्या ओट्यावर कळलं. त्या आठवड्यात मी ओळ आणि रकान्याच्या क्रमांकांची बेरीज सम असेल तर तारा, विषम असेल तर मोकळी जागा, अशी अट घालून चौकडीचा काठ छापला. वडिलांनी तो बराच वेळ पाहिला आणि एका टोकाला एक घर जास्त झालंय हे दाखवलं. मी 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा समान' लिहिलं होतं.

एररबद्दलही त्यांचंच सांगणं उपयोगी पडलं. धागा तुटून माग थांबला की आधी तुटलेलं टोक शोधायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. जीसीसी वीस एरर दाखवतं तेव्हा मी फक्त पहिला वाचते, तो सुधारते, पुन्हा कंपाइल करते. बऱ्याचदा उरलेले एकोणीस त्याच एका विसरलेल्या सेमिकोलनचे किंवा कंसाचे असतात. आणि कंपाइल करताना '-वॉल' (-Wall) हा पर्याय कायम लावा. आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँपरसँड (&) विसरला किंवा अटीत दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलं, तर नुसतं जीसीसी गप्प राहू शकतं, '-वॉल' लावलं की इशारा देतं.

पैसे वाया गेले ते एका उन्हाळी क्लासवर. पन्नास प्रोग्रामची झेरॉक्स हातात दिली आणि पाठ करा म्हणाले. शिवाय सगळं टर्बो सी या फार जुन्या कंपायलरवर. तिथे इंट सोळा बिटांचा, ३२७६७ पर्यंतच, त्यामुळे आठचा फॅक्टोरियलही चुकतो. शिकवलेली क्लियरस्क्रीनची ओळ घरी जीसीसीवर चालेना. पाठ केलेले प्रोग्राम व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिल्याच "ही ओळ काढली तर काय होईल?" या प्रश्नाला कोसळतात. मी स्वतः अनुभवलंय.

तयारीत जे राहिलं तेही सांगते. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणं) आणि रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) मला सुट्टीत अजिबात जमलं नाही. सप्टेंबरनंतर पायथन ट्यूटर हे संकेतस्थळ सापडलं. नाव पायथनचं असलं तरी त्यात सीसुद्धा चालतं, आणि एकेक ओळ पुढे सरकताना कुठल्या चौकटीत काय आहे, कुठला बाण कुठे जातो, हे चित्रात दिसतं. तीच चित्रं वहीत हातानं काढायला लागल्यावर पॉइंटर सुटला. लेखी परीक्षेत प्रोग्राम कागदावरच लिहायचा होता आणि 'आउटपुट ओळखा' हेही प्रश्न होते. तिथे माझी वहीच पेपरात उतरल्यासारखं वाटलं.

आता दुसऱ्या सेमिस्टरसाठी पायथन सुरू केलंय. नवी वही घेतली, पुन्हा मधोमध रेघ, आणि पहिला प्रोग्राम तोच चाळीस अंशांचा. सीच्या सवयीनं डावीकडे ७२ लिहिलं. चालवल्यावर आलं १०४.०. उजवीकडे ते उतरवलं आणि खाली लिहिलं : 'इथे एका तिरक्या रेघेचा भागाकार पूर्णांकांनाही दशांशासकट. पूर्णांक भाग हवा असेल तर दोन रेघा.' मग पान उलटलं.