हँडल घट्ट होत होतं, रिपेअरवाल्याने चक्क कानस मारून परत दिलं

घरी एस्प्रेसो मशीन असेल तर हे वाचाच. माझे पैसे गेले ते गेले, तुमचे तरी वाचू देत.

माझ्या मशीनचा पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला अडकवायचा हँडलवाला भाग) हळूहळू घट्ट व्हायला लागला होता. आधी हँडल फिरवून सरळ समोर यायचं, मग डावीकडेच अडायला लागलं, शेवटी शेवटी तर एका हाताने मशीन दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने जोर लावायचा आणि एवढं करून वर बाजूने पाणी ठिबकायचंच. रिपेअरवाल्याने मशीन उघडलंसुद्धा नाही, हँडल दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "ग्रुप हेड वाकलंय, बदलावं लागेल." अहो, ग्रुप हेड म्हणजे पोर्टाफिल्टर ज्यात अडकतो तो जाडजूड धातूचा ठोकळा असतो, हँडल लावून लावून वाकत नाही! पण तेव्हा मी मान डोलावली.

चार दिवसांनी मशीन परत आलं, हँडल एकदम अलगद फिरतंय. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला. पैसे देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी कॉफीचा शॉट काढत असताना कडेने गरम पाणी उसळून थेट मनगटावर आलं. आत ९ बारच्या आसपास प्रेशर असतं, हा खेळ नाही. बघतो तर हँडल आता समोर न थांबता पार उजवीकडे जातंय. पोर्टाफिल्टर उजेडात धरला. दोन्ही कानांच्या (ग्रुप हेडमध्ये अडकणाऱ्या बाजूच्या खुंट्यांच्या) खालच्या बाजूचं क्रोम उडालेलं, आतलं पिवळं पितळ चमकतंय आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. कानस मारली होती! आणि ग्रुप हेड? मागे त्याची पाणी सोडणारी जाळी साफ करताना माझा स्क्रूड्रायव्हर घसरून पडलेला ओरखडा जसाच्या तसा होता. म्हणजे बदललंच नव्हतं.

मग मशीन थंड करून मीच उघडलं. मधला स्क्रू काढून जाळी काढली, गॅस्केट (पाणी गळू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग) हळूहळू उचकटलं, तर रबर इतकं कडक की वाकवताच तुटलं, आणि त्याच्या मागच्या खाचेत कॉफी जळून दगड झालेली, खरवडल्यावर काळे टवके पडले. त्या थरानेच गॅस्केट खाली ढकललं होतं, बाकी काही नाही. माझ्या मशीनला खरं तर ८ मिमीचं गॅस्केट लागतं, पण कान झिजवून ठेवल्यामुळे आता ८.५ चं घातलंय तेव्हा कुठे गळायचं थांबलं.

तुमचं हँडल घट्ट झालं तर कोणाला बोलावण्याआधी कॉफी न भरता नुसतं लावून बघा. रिकामं नीट बसलं तर कॉफी जास्त भरताय, ती वरच्या जाळीला टेकतेय. रिकामंही अडलं तर कानांवरची, खाचांमधली वाळलेली कॉफी पुसा, मग गॅस्केट काढून मागे बघा. गॅस्केट नुकतंच बदललं असेल तर थोडे दिवस घट्टच लागतं, तो बिघाड नाही, फक्त जाडी बरोबर आहे ना तेवढं तपासा. आणि रिपेअरला देताना पोर्टाफिल्टरच्या कानांचे जवळून फोटो काढा, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिपेअरवाल्याला फोटो पाठवले तर म्हणतो, "वापरून झिजतं तसं." वापरून झिजलं तर धातू गुळगुळीत होतो, कानशीच्या रेघा पडत नाहीत. नवीन पोर्टाफिल्टरचे पैसे मागितलेत, अजून उत्तर नाही.