लिज्जतचा उडीद पापड, आणि तो विकणारं बायकांचं मंडळ

पापड आधी. मध्यम आचेवर चिमट्यात धरून हलता ठेवा, दर दोन-तीन सेकंदांनी उलटा. कडा आधी भाजा. मध्य आधी फुगला की कडा कच्च्या राहतात आणि दाताला चिकटतात. तळायचा असेल तर तेल चांगलं तापलेलं हवं, पापडाचा तुकडा टाकताच वर आला पाहिजे. तेल कोमट असेल तर पापड तेल पितो. पावसाळ्यात पाकीट फोडलं की उरलेले पापड लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. सर्दावलेला पापड नीट फुलत नाही. मिरी ठसठशीत, हिंग मागून येतो. ताकभातासोबत दुसरं काही नको.

आता मंडळ. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सभासद फक्त बायका, कार्यकारिणी 21 जणींची, तीही लाटणाऱ्या भगिनींमधूनच. धंदा वाढवायला बाहेरून सल्लागार आणणाऱ्या महिला संस्थांनी हे जरूर बघावं. इथे व्यवसायवाढीचा निर्णय घेणारीला लाटीचं वजन हाताने कळतं. सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवायचं, वाळलेले पापड वजन करून परत द्यायचे. पुरुष पगारावर काम करू शकतात, मालकीत वाटा मात्र नाही.

एकच कुरकुर: पाकिटातले पापड कडेला तुटतात. पिशवीत ते सगळ्यात वर ठेवा.