मोफत ब्रेन मॅपिंग, ६२ हजारांचं कर्ज आणि दोन रिपोर्ट

नागपुरातल्या मनीषनगरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी ‘मोफत ब्रेन मॅपिंग शिबिर’ झालं आणि त्यातून आमच्या गळ्यात ६२ हजारांचं कर्ज पडलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून शिबिर घेणाऱ्या केंद्राचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण नाव बदलून ती तुमच्याही सोसायटीत येऊ शकते.

मुलगा नऊ वर्षांचा. डोकं चांगलं आहे, पण प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर ओरडतो, रांगेत पुढच्याला ढकलतो, बॉल रस्त्यावर गेला की इकडेतिकडे न बघता धावत सुटतो. आई म्हणते, “पोट्टं आहे ते, उड्या नाही मारणार तं काय करणार?” शाळेच्या डायरीत मात्र शेऱ्यांची रांग लागली होती. त्यामुळे शिबिरात त्याला घेऊन गेलो.

तिथे त्याच्या डोक्याला एक पट्टा बांधला, कपाळावर दोन-तीन सेन्सर टेकवले. पाचेक मिनिटांत टॅबवर मेंदूचं चित्र उमटलं, पुढचा भाग लालभडक. “थीटा वाढलाय, बीटा कमी पडतोय, म्हणून याला ब्रेक लागत नाही. आता नाही केलं तर दहावीपर्यंत हाताबाहेर जाईल.” आईबापांना एवढं पुरतं. मग मेंदूला वळण लावणाऱ्या सेशनवर सवलत, तीही फक्त त्याच संध्याकाळपुरती. रजिस्ट्रेशनसाठी म्हणून बायकोच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला. तो कर्जमंजुरीचा होता, हे फायनान्स कंपनीचा मेसेज आल्यावर कळलं. कराराची प्रत मागितली तर “मेलवर येईल”. आली, आणि तिच्यात पैसे परत मिळणार नाहीत असं कलम होतं.

सगळंच खोटं बोलले असते तर पकडणं सोपं होतं. थीटा म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा हेलकावणारी लहर, बीटा म्हणजे १३ ते ३० वेळा. मेंदूतल्या अशा विद्युतलहरी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा नोंदवल्या त्या जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. सुरू झालेली हालचाल ऐनवेळी थांबवायची असली की उजव्या कपाळामागच्या भागात बीटाच्या छोट्या उसळ्या दिसतात, हेही संशोधनात आलेलं आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये थीटा-बीटाचं गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली, हेही खरं. केंद्राच्या भिंतीवर त्याचं पत्रक होतं. पत्रकात नव्हतं ते एवढंच, की परवानगी डॉक्टरच्या तपासणीला जोड म्हणून होती, नुसत्या यंत्रावरून निदान करायला नव्हे. शिवाय ती त्या एका यंत्राची, यांच्या पट्ट्याची नाही. आणि २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने या गुणोत्तरावरून एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा यांचा विकार) निदान पक्कं करू नये, असं बजावलं.

सेशन म्हणजे स्क्रीनवरची गाडी ‘मनाने’ पळवायची, मेंदूच्या लहरी हव्या तशा झाल्या की ती पळते. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. याची नीट परीक्षा अमेरिकेत झाली, निकाल २०२१ मध्ये छापून आला. सात ते दहा वर्षांच्या सुमारे १४० मुलांपैकी काहींना खरं न्यूरोफीडबॅक दिलं आणि काहींना नकली, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लहरींशी संबंध नसलेला खेळ. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि दोहोंत म्हणावा असा फरक निघाला नाही. त्यामुळे केंद्राच्या व्हिडिओतले समाधानी आईबाप खोटं बोलत असतीलच असं नाही.

आमच्या बाबतीत लबाडी झाली ती सेशननंतरच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये. लाल जाऊन हिरवं आलं, डायरीतले शेरे तसेच. बायकोचा मावसभाऊ धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) टेक्निशियन आहे. त्याने चित्रांकडे बघितलंही नाही, तळाची बारीक अक्षरं वाचली. पहिला रिपोर्ट संध्याकाळचा, डोळे बंद. दुसरा सकाळचा, डोळे उघडे. “भाऊजी, याची तुलनाच होत नाही. पेंगुळलेल्या पोराचा थीटा वाढणारच.” पापणी लवली की कपाळावरच्या सेन्सरवर मोठी संथ लाट उठते आणि नीट गाळली नाही तर मशीन ती मेंदूच्याच संथ लहरींत धरतं. म्हणजे जो पोरगा जास्त चुळबुळ करेल, त्याचं चित्र जास्त लाल. उलट दात आवळून बसला तर जबड्याच्या स्नायूंची खरखर बीटात जमा होते आणि गुणोत्तर आपोआप ‘सुधारतं’. हॉस्पिटलात टेपने डोकं मोजून, पेस्ट लावून वीसेक इलेक्ट्रोड बसवतात. टेक्निशियन शेवटपर्यंत शेजारी असतो आणि मूल हललं, डोळे उघडले की तिथे खूण करतो. आम्ही केंद्राकडे मूळ रेकॉर्डिंग मागितलं. “पॉलिसीत नाही.”

नंतर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी आमच्याशी आणि मुलाशी बराच वेळ बोलून घेतलं, शाळेतल्या बाईंसाठी प्रश्नावली दिली. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, असं त्यांनी समजावलं. ईईजी सांगितलाच नाही, फिट्सची शंका असती तर सांगितला असता म्हणाले. निदान एडीएचडीचंच झालं. म्हणजे केंद्राचा अंदाज बरोबर निघाला म्हणायचं! शाळेची डायरी चाळूनही तो काढता आला असता. आता औषध सुरू आहे, आणि त्याच्याशी कसं वागायचं याचं शिक्षण आम्ही दोघं घेऊन राहिलो.

हप्ता अजून कापला जातो. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, अर्ज ऑनलाइनही होतो, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. अशा शिबिरात तुमच्याही मुलाला पट्टा बांधला असेल तर दोन्ही रिपोर्ट, ओटीपीचे मेसेज आणि कर्जाची मेल फेकू नका. रिपोर्टच्या तळाशी वेळ आणि डोळे उघडे की बंद, तेवढं बघा. एकाच केंद्राने फसवलेल्या पालकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करता येते, आणि आमच्या सोसायटीतली आणखी दोन घरं कागद शोधायला लागली आहेत.